आधी घाट

सौंसरजवळ, संत्र्याच्या बगीच्यांमधल्या एका गावात एक शेतकरी राहत होते. साठी ओलांडलेली, बोलणं कमी, हिशेब चोख. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं, म्हणून आपणही काकाजीच म्हणू.

एका वर्षी ऐन तोडणीत काकाजी शिडीवरून पडले. डाव्या गुडघ्याचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. घरात, बगीच्यात फिरायला काठी पुरे होती. मोटरसायकल मात्र सुटली, कारण तिचा गिअर डाव्या पायात. जीप विकावी लागली, कारण तिचा क्लच डाव्या पायात. ज्या माणसाने उभा जन्म कुणाला ‘जरा सोडून दे’ म्हटलं नव्हतं, तो दोन वर्षं लोकांच्या मागे बसून फिरला.

मग पुण्याला नोकरीत असलेल्या मुलाने नवी गाडी घेतली आणि जुनी वडिलांना आणून दिली. गाडी ऑटोमॅटिक होती. पायाशी दोनच पेडल, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाची. डाव्या पायाला काहीच काम नाही. काट्यावर एक लाख बासष्ट हजार किलोमीटर दिसत होते, दारांचा रंग उडालेला होता, पण काकाजींना त्याचं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी ते एकटे सौंसरच्या बाजारात जाऊन आले. काकूंनी दारातच विचारलं, काय आणलं? काकाजी म्हणाले, काही नाही, नुसतं जाऊन आलो.

सौंसर तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होतं. पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला तो २०२३ च्या ऑक्टोबरात. ही गोष्ट सुरू होते ती त्याच्या आधी. कलेक्टर कचेरीचं काम असो की जमिनीची तारीख, छिंदवाड्याला जावं लागे, आणि छिंदवाड्याला जायचं म्हणजे रामाकोना मागे टाकून सिल्लेवानीचा घाट चढायचा. सातपुडा तिथे एकदम समोर उभा राहतो. वळणामागून वळण, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला साग. नागपूरची वाट याच्या उलट. सावनेरवरून थेट नागपूरपर्यंत रस्ता सपाट. त्या रस्त्याने काकाजींची गाडी वर्षभर एका शब्दाने कुरकुरली नाही.

वैशाखातल्या एका दुपारी काकाजी आणि काकू छिंदवाड्याला निघाले. घाटाचा अर्धा चढ गेला आणि इंजिनाचा आवाज वाढू लागला. काकाजींनी पाय आणखी दाबला. काटा वर गेला, आवाज चढला, पण गाडीचा वेग होता तेवढाही राहिना. इंजिन जोर लावत होतं आणि तो जोर चाकांपर्यंत पोचत नव्हता. मग जळका वास आला. काकाजींनी गाडी कडेला घेतली. मागच्या चाकाला दगड लावायला काकूच उतरल्या.

मागून एक ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला भला माणूस. साखळी काढून म्हणाला, “बांधतो न काकाजी, ओढत नेतो वरपर्यंत.” तेवढ्यात वरून उतरणारा एक ट्रक थांबला. त्याच्या ड्रायव्हरने खाली वाकून गाडीचा दांडा पाहिला आणि हात आडवा केला. “ऑटोमॅटिक आहे. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. इंजिन बंद म्हणजे आतला पंप बंद, पंप बंद म्हणजे तेल फिरत नाही. चाकांबरोबर आतले दाते कोरडेच फिरतील. न्यायचीच तर क्रेन बोलवा, पुढची चाकं उचलून न्या.” एवढं सांगून तो निघून गेला. त्या माणसाचं नाव काकाजींना कधी कळलं नाही.

क्रेन काही मिळाली नाही. तासाभराने काकाजींनी सहज किल्ली फिरवली. इंजिन लागलं. दांडा ‘डी’वर टाकला आणि गाडी निमूट चालू लागली, काही झालंच नव्हतं अशी. काकाजींनी ती वळवली आणि हळूहळू घरी आणली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी दाखवायला सुरुवात झाली. पहिल्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, गिअरच्या तेलाची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली. तेल बरोबर खुणेवर होतं. “तेल फुल्ल आहे, काही नाही झालं.” दुसऱ्याने गाडी जामसावळीच्या फाट्यापर्यंत पळवली आणि परत आणून म्हणाला, “मक्खन चालते काकाजी.” मग काकाजी नागपूरला एका मोठ्या गॅरेजात गेले. तिथे गाडीला संगणक लावला. संगणकात काही निघालं नाही. तरी तिथल्या साहेबांनी कागदावर आकडा लिहून दिला: अख्खा गिअरबॉक्स बदला. आकडा गाडीच्या किमतीहून मोठा होता.

तिघांनीही गाडी पाहिली ती सपाट रस्त्यावर, आणि पहिल्याने तर सकाळच्या गारव्यात, इंजिन बंद ठेवून. यातल्या कुणी वाईट हेतूने काही केलं नाही. गाडी ज्या जागी अडली, त्या जागी जायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

सौंसरच्या रस्त्यावर कडुनिंबाखाली एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं दुकान होतं. शनिवारी-मंगळवारी जामसावळीच्या हनुमानाला जाणाऱ्यांची रांग त्याच्या दुकानावरून जायची. तिथला मारुती पिंपळाखाली आडवा निजलेला. त्याच्या दर्शनाला नागपूर-छिंदवाड्याहून गाड्या येतात आणि त्यातली एखादी मिस्त्रीच्या दारात थांबते. मिस्त्रीने आयुष्यभर जीपा आणि ट्रक दुरुस्त केले होते. हाताखाली एक पोरगा होता, पंधरा-सोळाचा.

काकाजींनी सगळं सांगितलं. मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

“काकाजी, खोटं नाही सांगत. असा गिअरबॉक्स मी आजवर खोलला नाही. पण गाडी बिघडते कुठं?”

“घाटात.”

“मग मले घाटात घेऊन चला.”

तिघं निघाले. मिस्त्री पुढे, पोरगा मागे. भर दुपार मुद्दाम निवडली. रामाकोन्यापर्यंत मिस्त्री एक शब्द बोलला नाही. घाट लागला तसा त्याने काच खाली केली, पानाचा डबा मिटून खिशात ठेवला आणि कान दिला. त्याच वळणापाशी, थोडं अलीकडे, आवाज चढला आणि गाडी मागे राहिली.

“थांबवा. इंजिन बंद नका करू.”

पुढे जरा सपाट जागा होती, तिथे गाडी घेतली. मिस्त्रीने काकाजींना ब्रेक दाबून दांडा एकेका खुणेवरून फिरवायला लावला, पी, आर, एन, डी, आणि परत पी. मग चालू इंजिनावर तेलाची पट्टी काढली, स्वच्छ फडक्याने पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

पोरगा म्हणाला, “पण उस्ताद, त्या गॅरेजवाल्याले तर फुल्ल दिसलं.”

“त्यानं बंद गाडीत पाहिलं. गाडी बंद असली की वरचं सगळं तेल खाली येऊन बसते, मग ती पट्टी भरलेली दिसते. चालू झाली की पंप ते उचलून जिथं पायजे तिथं नेतो. या गाडीचं खरं माप गरम असताना, चालू असताना.”

मिस्त्रीने पट्टीवरचा एक थेंब पोराच्या वहीच्या कोऱ्या पानावर टेकवला. नवं तेल लाल असतं. हा थेंब काळपट तपकिरी होता आणि पसरता पसरता त्याच्या मधोमध गडद ठिपका राहिला. त्याने पान नाकाशी नेलं, मग काकाजींच्या नाकाशी धरलं. जळका वास होता. मग तो रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकला. रेडिएटरकडे जाणाऱ्या एका रबरी नळीच्या जोडावर धूळ ओली होऊन चिकटली होती. त्या जोडावरून एक थेंब सुटला आणि तापलेल्या डांबरावर पडला. थोड्या वेळाने दुसरा. थंड गाडीत, दुकानाच्या फरशीवर, तो थेंब कुणाला दिसलाच नसता.

घाटातच, सागाच्या सावलीत बसून मिस्त्रीने जे सांगितलं ते काकाजींना कायम लक्षात राहिलं. अशा गाडीत तेल नुसतं वंगण नसतं. इंजिनाचा जोर पुढे पोचवतं ते तेलच. आतल्या क्लचच्या पातळ प्लेटी एकमेकींवर दाबून धरतं ते तेलाचं दडपण. आणि सगळ्याची उष्णता वाहून नेतं तेही तेलच. तेल कमी झालं की दडपण कमी. दडपण कमी झालं की प्लेटी घसरतात. घसरल्या की तापतात, तापल्या की तेल जळतं, आणि जळकं तेल आणखी कमी धरतं. सपाट रस्त्यावर ओढ कमी, तोवर कसंबसं निभतं. चढावर निभत नाही.

“पुण्याच्या गर्दीत ही गाडी रोज तापली असन. तेल कधी बदललं होतं?”

काकाजींनी तिथूनच मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, “बाबा, ते बदलावं लागतं हे मला माहीतच नव्हतं.”

मिस्त्रीने नळी बदलली. गाडीच्या पुस्तकात ज्या जातीचं तेल लिहिलं होतं, नेमकं तेच नागपूरहून आणायला लावलं. दुसरं लाल तेल सौंसरमध्येच मिळत होतं आणि स्वस्त होतं, ते त्याने हातात घेतलं नाही. गिअरबॉक्सची खालची परात खोलली. परातीत एक लोहचुंबक असतं, झिजलेलं लोखंड धरून ठेवायला. त्यावर करड्या भुकटीचा लेप होता. मिस्त्रीने तो बोटांत चोळून पाहिला. चकाकणारा तुकडा एकही नव्हता, पण काही काळे कण होते.

“करडं असतेच, जुन्या गाडीत निघणारच. हे काळे कण प्लेटीचे आहेत. दात शाबूत आहेत, प्लेटी झिजल्या. काकाजी, मी तेल बदलीन, जाळी बदलीन, गळती बंद करीन. गाडी बरीच सुधरन. पण नवी होणार नाही, हे आजच सांगून ठेवतो.”

परात काढल्यावर सगळं तेल निघत नाही; निम्म्याहून जास्त आतच राहतं. म्हणून मिस्त्रीने एकदा बदलून गाडी काही दिवस चालवायला सांगितली, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी निघालेलं तेल लालसर होतं.

तो म्हणाला होता तसंच झालं. गाडी बरीच सुधारली. भर उन्हात, भरल्या गाडीनिशी घाट चढताना मात्र वरच्या गिअरला ती अजून घसरायची. काकाजी दांडा ‘दोन’वर ओढून ठेवू लागले, घाई सोडली, अर्ध्यावर दहा मिनिटं थांबू लागले. रिव्हर्समध्ये टाकल्यावर क्षणभर थांबायचं, गाडीने धरलं की मगच पाय हलवायचा, हेही अंगवळणी पडलं. अशी दोन वर्षं गेली.

मग मुलाला काळजी वाटू लागली. त्याने वडिलांसाठी नवी ऑटोमॅटिक गाडी ठरवली आणि फोनवर सांगितलं, जुनी विकून टाका, येईल त्या भावात. सौंसरला जुन्या गाड्यांचा एक दलाल होता. तो घरी आला, चहा प्याला, गाडीभोवती फिरला.

“भाव चांगला येईन काकाजी. फक्त गिऱ्हाईक सकाळी सातला बोलवू. गाडी थंड असते तेव्हा. जामसावळीपर्यंत फिरवून आणायची, बस. घाटाचं नाव नाही काढायचं. आणि एक डबी येते, गिअरच्या तेलात ओतली का महिनाभर झटका दिसत नाही.”

डबीला काकाजी नाही म्हणाले. सातच्या वेळेला ते काही बोलले नाहीत. त्या रात्री त्यांनी काकूंपाशी हिशेब मांडला. घाटाचं सांगितलं तर गाडी भंगाराच्या भावात जाईल. न सांगितलं तर मृगाच्या बहारासाठी खताचे पैसे सुटतात. विचारलं तर सांगू, न विचारलं तर कशाला? काकू एवढंच म्हणाल्या, “तुम्हाले घाटात दगड लावायले मी होते.”

गिऱ्हाईक सातला आलं. पांढुर्ण्याकडच्या एका शाळेतल्या मास्तरीणबाई आणि त्यांचा भाऊ. दलालाने गाडी धुऊन पुसून ठेवली होती. सकाळ गार होती. भावाने गाडी चालवली, जामसावळीपर्यंत जाऊन आला. गाडी खरंच सुरेख चालली. भाऊ खूश झाला, चाक धरून पाहायला बाईंना बसवलं.

बाई दार उघडून बसल्या.  मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आणि आत ठेवला. लहानपणापासूनचं दुखणं होतं ते. हाताला इतकी सवय झालेली की त्यांचं बोलणंही थांबलं नाही. त्या काकूंना सांगत होत्या, “आई छिंदवाड्याला एकटी असते. बसमध्ये चढणं जमत नाही मला. आता दर रविवारी जाता येईल.”

भावाने खिशातून इसाराचे पैसे काढले. दलालाने हात पुढे केला. काकाजींनी तो हात धरला.

“पैसे ठेवा. आधी घाट.”

दलालाने डोळे वटारले. काकाजींनी तिकडे पाहिलं नाही. “बाई, तुम्हाले आईकडं जायचं आहे न? मग त्याच रस्त्यानं चला. पण आता नाही. जेवून निघू, दुपारी.”

दुपारी चौघं निघाले. घाटाच्या पायथ्याशी काकाजींनी गाडी बाईंच्या हाती दिली आणि स्वतः शेजारी बसले. चढ लागला. ठरल्या वळणापाशी आवाज चढला, काटा वर गेला, आणि गाडी मागे राहिली.

“पाय नका दाबू. ऐका. हा आवाज लक्षात ठेवा. इंजिन पळून राहिलं, गाडी नाही. आता दांडा दोनवर घ्या. पाहा, धरलं. असं हळूहळू चढते. घाई केली तर अडते.” मग त्यांनी सपाट जागी गाडी थांबवायला लावली, चालू इंजिनावर तेलाची पट्टी काढून दाखवली, नळी कुठे गळत होती ते दाखवलं, लोहचुंबकावरच्या काळ्या कणांचं सांगितलं. मिस्त्रीने जे त्यांना दाखवलं होतं ते सगळं त्यांनी, काहीही न गाळता, बाईंना दाखवलं.

परतीच्या वाटेवर कुणी फार बोललं नाही. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, “काकाजी, ही गाडी ताईसाठी नको.” काकाजी म्हणाले, “नकोच.” बाईंनी दोघांना नमस्कार केला आणि त्या गेल्या. दलाल त्यानंतर त्या घरी आला नाही.

दीड महिन्याने बाईंचा फोन आला. या दिवसांत त्यांनी नागपूरपासून बैतूलपर्यंत बऱ्याच गाड्या पाहिल्या होत्या. सगळ्या मालकांनी त्या सकाळी दाखवल्या, सपाट रस्त्यावर. बाईंनी प्रत्येकाला एकच सांगितलं: दुपारी, चढावर. दोघांनी तिथेच नाही म्हटलं. एक गाडी चढावर आली आणि घसरली. बाईंनी तो आवाज ओळखला. शेवटी एक गाडी भर दुपारी घाट चढून गेली, तीही अर्ध्यावर थांबवून, पट्टी काढून, कागदावर थेंब टेकवून पाहिली. थेंब लाल होता. ती गाडी त्यांनी घेतली. पहिल्या रविवारी आईकडे जाऊन आल्या आणि मग फोन केला.

काकाजींची गाडी अंगणात तशीच होती. घाटाचं ऐकून कुणी घेईना आणि घाटाचं न सांगता काकाजी देईनात. एका संध्याकाळी मिस्त्री आला.

“काकाजी, ही मले द्या.”

“तुले? तुले तर हिचं सगळं ठाऊक आहे.”

“म्हणूनच मागतो. आता अशा गाड्या सौंसरात वाढून राहिल्या. खोलता येणारा इथं कुणी नाही. पोराले शिकवायची तर अशीच पायजे, जिचं काय बिघडलं ते आधीच माहीत आहे.”

काकाजींनी भाव सांगितला नाही. मिस्त्रीने जे दिलं ते घेतलं, आणि ते भंगाराच्या भावाहून बरंच होतं.

ही गोष्ट सांगताना मला दर वेळी वाटतं की दोष लपवण्यात नुसतं खोटेपण नसतं. लपवलेला दोष नेमका अशा माणसाच्या वाट्याला जातो, ज्याला तो ओळखताही येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही; त्या बाई भर घाटात एकट्या असत्या आणि दगड लावायला उतरताही आलं नसतं. उघड सांगितलेला दोष हातोहात फिरत राहतो, आणि कधी ना कधी दुरुस्त करणाऱ्यापर्यंत पोचतो. काकाजींना हे आधी ठाऊक होतं असं नाही. त्यांनी फक्त त्या बाईंचा पाय पाहिला.

मिस्त्रीने पोराला महिनाभर नागपूरला एका जाणत्या कारागिराकडे पाठवलं. पोरगा परत आला आणि त्यांनी गिअरबॉक्स खाली उतरवला. जमिनीवर जुनं धोतर अंथरलं. जो भाग निघेल तो निघाल्या क्रमाने त्यावर मांडायचा, शेजारी खडूने आकडा घालायचा आणि मोबाइलवर फोटो काढायचा, असा नेम केला. एका क्लचच्या प्लेटी निघाल्या तेव्हा त्यांच्यावरचा लेप बराचसा उडालेला होता. त्यामागच्या रबरी सीलमध्ये मिस्त्रीने नख रुतवून पाहिलं. नख रुतलं नाही. रबर वयाने कडक झालं होतं. तेल थंड आणि दाट असताना ते सील कसंबसं दडपण अडवायचं, तेल तापून पातळ झालं की बाजूने वाट द्यायचं. गाडी सकाळी चांगली आणि दुपारी वाईट का, हे त्या दिवशी त्यांना हातात धरून पाहता आलं.

बाकी सगळं ठीक होतं. दाते, पंप, तेलाच्या वाटांचा ठोकळा. नागपूरच्या कागदावर अख्खा गिअरबॉक्स लिहिला होता. लागल्या त्या प्लेटी, सीलचा एक संच आणि तेल. प्लेटी आधी नव्या तेलात भिजत ठेवल्या, मग बसवल्या. गिअरबॉक्स बंद करण्यापूर्वी पोराने पंक्चरच्या कंप्रेसरची हवा कमी करून एका बारीक भोकातून आत सोडली. आतून ‘टक’ असा आवाज आला आणि प्लेटी आवळून बसल्या. हवा सुटली नाही. मिस्त्री म्हणाला, “पुन्हा कर.” पोराने पुन्हा केलं. सील धरून होतं.

गाडी जोडायला आठवडा गेला. जोडून झाल्यावर मिस्त्रीने काकाजींना बोलावणं पाठवलं. काकाजी आपली नवी गाडी दुकानात लावून जुनीत मागे बसले. पोरगा चालवायला होता.

“कुठं नेऊ?” त्याने विचारलं.

मिस्त्री म्हणाला, “दुपार होऊ दे.”

दोन वाजता ते रामाकोन्याहून पुढे गेले. पोराने घाट एका दमात चढवला, दांडा ‘डी’वरच ठेवून. त्या वळणावर काकाजी पुढे झुकले आणि कान देऊन बसले. काटा जागच्या जागी होता. वर पोचल्यावर पोरगा इंजिन बंद करणार, तोच दोघंही म्हातारे एकदम ओरडले, “चालू राहू दे!” पोरगा हसला, चालू इंजिनावरच बोनेट उघडलं आणि फडकं घेऊन पट्टीकडे वाकला.